मोटारीचीं चाकें बदलतांना हवेच्या दाबाचे सेन्सर ठेवावे कीं काढावे ?

बैलगाडीच्या चाकास नवी धाव बसवावयाची असली म्हणजे मालकानें लोहाराच्या भात्यापाशीं उभें राहून तें काम करून घ्यावें, अशी आपल्याकडे जुनी चाल आहे. धाव सैल राहिली तर ती भर रस्त्यांत निखळेल, हें प्रत्येक शेतकरी जाणतो. परंतु तोच शेतकरी मोटारीचे टायर किंवा रिम बदलण्यास शहरीं गेला म्हणजे किल्ली दुकानदाराच्या हातीं देतो व बाजारहाट उरकण्यास निघून जातो. परत येतो तों नवीं चाकें बसलेलीं असतात; मात्र जुन्या चाकांतून निघालेले चार सेन्सर कागदाच्या पुडींत बांधून डिकींत टाकलेले असतात, आणि मीटरमध्यें पिवळा दिवा पेटलेला असतो. विचारल्यास, "हे काढले तरी चालतें, गाडीला कांहीं होत नाहीं," एवढें उत्तर मिळतें.

हें उत्तर अर्धें खरें आहे. सेन्सर काढल्यानें मोटार बंद पडत नाहीं. परंतु सेन्सर ठेवावयाचे, नवे घ्यावयाचे कीं मुळींच काढून टाकावयाचे, हा निर्णय दुकानदाराचा नसून मालकाचा आहे. तो घरींच विचारपूर्वक ठरवून मग दुकानाची पायरी चढावी. या निर्णयास कोणकोणत्या गोष्टींचा विचार लागतो, तें येथें क्रमानें सांगतों.

१. प्रश्न केव्हां उत्पन्न होतो

हा प्रश्न तीन प्रसंगीं उद्भवतो. पहिला, टायर झिजले म्हणून त्याच रिमवर नवे टायर चढविण्याचा. दुसरा, लोखंडी रिम काढून अलॉयच्या किंवा मूळच्यापेक्षां मोठ्या रिम बसविण्याचा. तिसरा, चाकांचा दुसरा संच बाळगण्याचा. हा तिसरा प्रसंग मुख्यतः थंड देशांतील आहे. कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत १ डिसेंबरपासून १५ मार्चपर्यंत हिवाळी टायर वापरणें कायद्यानें सक्तीचें आहे. तेथील मोटारवाला वर्षांतून दोन वेळां चाकें बदलतो, आणि दुसऱ्या संचासाठीं आणखी चार सेन्सर घ्यावे कीं नाहीं हें त्यास ठरवावें लागतें. आपल्याकडे बर्फाची अडचण नाहीं. परंतु पहिले दोन प्रसंग आपल्यावरही येतात.

२. सेन्सर म्हणजे काय

सेन्सर हा चाकाच्या आंत, हवा भरावयाच्या व्हॉल्व्हच्या मुळाशीं, रिमला लागून बसविलेला असतो. आकार साधारण आगपेटीएवढा व वजन सुमारें तीस-चाळीस ग्रॅम. त्यांत हवेचा दाब व उष्णता मोजण्याची, आणि चाक फिरत आहे कीं नाहीं हें ओळखण्याची सोय असते. शिवाय एक लहानसा बिनतारी संदेश पाठविणारा भाग व एक बॅटरी असते. चाक फिरूं लागलें कीं तो जागा होतो, व ठराविक अंतरानें दाबाचा आंकडा मोटारींतील यंत्रास कळवितो. मोटार उभी राहिली कीं तो बॅटरी वांचविण्यासाठीं जवळजवळ निजतो.

ही बॅटरी कायमची बंदिस्त केलेली असते. घड्याळाचा सेल बदलावा तशी ती बदलतां येत नाहीं. ती सामान्यतः पांच ते दहा वर्षें टिकते; ती संपली म्हणजे सबंध सेन्सर नवा घ्यावा लागतो. पुढील सर्व हिशेब या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

कांहीं मोटारींत चाकाच्या आंत सेन्सर मुळींच नसतो. अशा मोटारी दुसऱ्या युक्तीनें काम भागवितात. ब्रेकच्या एबीएस यंत्रणेसाठीं प्रत्येक चाकाच्या फेऱ्या मोजल्या जातच असतात. एका चाकांतील हवा उतरली कीं त्याची त्रिज्या किंचित् कमी होते, व तें इतरांपेक्षां अधिक फेरे घेऊं लागतें. त्यावरून मोटार ओळखते कीं कोठेंतरी हवा कमी झाली. येथें काढावयाचें किंवा ठेवावयाचें कांहींच नसतें. नवे टायर बसवून योग्य दाब भरल्यावर, पुस्तकांत सांगितल्याप्रमाणें यंत्रणा पुन्हां आरंभापासून लावली म्हणजे झालें. मात्र या जातीच्या जुन्या यंत्रणेंत एक वैगुण्य असें कीं, चारी चाकांतील हवा सारखीच उतरली तर तिला फरक कळत नाहीं.

आपल्या मोटारींत कोणता प्रकार आहे, हें ओळखण्याची सोपी खूण अशी : पडद्यावर प्रत्येक चाकाचा दाब वेगवेगळ्या आंकड्यांत दिसत असेल, तर चाकांत सेन्सर आहेत. नुसता दिवाच लागत असेल, तर दोहोंपैकीं कोणताही प्रकार असूं शकेल; मोटारीबरोबर मिळालेलें पुस्तक पाहावें.

३. हें यंत्र कां आलें

हवा कमी असलेला टायर जड वाटत नाहीं, आवाज करीत नाहीं, व आंतून मात्र नासतो. त्याची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यास अधिक वांकते, वांकण्यानें रबर तापतें, आणि तापलेल्या रबराचे थर एकमेकांपासून सुटूं लागतात. वेग व ओझें जितकें अधिक, तितकी ही क्रिया जलद होते.

अमेरिकेंत याचा मोठा अनुभव आला. ऑगस्ट २००० मध्यें फायरस्टोन कंपनीनें सुमारें ६५ लाख टायर परत बोलाविले. त्यांपैकीं पुष्कळसे फोर्ड एक्सप्लोरर या मोटारीवर बसविलेले होते. टायरचे थर सुटून मोटारी उलटल्या व अनेक माणसें दगावलीं होतीं. दोष केवळ हवेचा होता असें नाहीं. परंतु कमी हवेनें संकट वाढतें ही गोष्ट त्या चौकशींत पुढें आली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत तेथें कायदा झाला, आणि १ सप्टेंबर २००७ पासून अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या नव्या हलक्या मोटारींस दाब कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा आवश्यक ठरली. युरोपीय संघानें १ नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या प्रवासी मोटारींस ती लागू केली.

४. आपल्याकडील नियम

भारतांत २०२० सालीं केंद्रीय मोटार वाहन नियमांत एक दुरुस्ती झाली, ती शेतकरी बंधूंनीं अवश्य ध्यानांत ठेवावी. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारींत ट्यूबलेस टायर, पंक्चर दुरुस्तीचें साहित्य आणि हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा हीं तिन्ही असतील, तर स्टेपनी ठेवण्याचें बंधन नाहीं, असें त्या दुरुस्तीनें ठरलें.

याचा अर्थ उघड आहे. ज्या मोटारीस कारखान्यांतूनच स्टेपनी आलेली नाहीं, त्या मोटारींत सेन्सर ही स्टेपनीच्या सवलतीची अट आहे. ते काढणें म्हणजे सवलत ठेवून अट मोडणें होय. शिवाय कायदा बाजूस ठेवला, तरी जवळ पांचवें चाक नसतां हवा उतरल्याची सूचनाही बंद करणें शहाणपणाचें नाहीं. अशा मोटारीच्या मालकानें सेन्सर काढण्याचा विचारच करूं नये.

५. गेज आणि सेन्सर यांचीं कामें

"मी दर पंधरा दिवसांनीं गेज लावून हवा पाहातों, मला सेन्सर कशास हवा ?" असें कित्येक जाणते गृहस्थ म्हणतात. त्यांची संवय उत्तम आहे. परंतु त्यांचा युक्तिवाद अपुरा आहे. गेज उभ्या चाकाची हकीकत सांगतें. सेन्सर धांवत्या चाकाची सांगतो.

प्रथम गेजची बाजू पाहूं. धडधाकट टायरांतूनही महिन्यास सुमारें एक ते दोन पौंड हवा आपोआप कमी होते. उष्णमानांत साडेपांच अंश सेल्सिअसचा फरक पडला तर दाबांत सुमारें एक पौंडाचा फरक पडतो. मे महिन्यांत दुपारीं ४३ अंश असतांना भरलेला ३३ पौंडांचा दाब, डिसेंबरांतील पहांटे १२ अंशांवर, हवा मुळींच गळाली नाहीं असें धरलें तरी, सुमारें पांच पौंडांनीं कमी भरेल. आतां सेन्सरची मर्यादा पाहा. अमेरिकन नियमाप्रमाणें दाब शेंकडा २५ नें उतरला म्हणजे दिवा लागणें आवश्यक आहे. ३३ पौंडांच्या टायरास ही सीमा पावणेपंचवीस पौंडांवर येते. म्हणजे सव्वीस पौंडांवर दिवा शांत असला, म्हणून टायर सुखरूप आहे असें समजूं नये. सेन्सर असला तरी गेज सुटत नाहीं.

आतां सेन्सरची बाजू. बाभळीचा कांटा शेताच्या वाटेवर टायरांत शिरतो व तेथेंच मोडून राहतो. सकाळीं गेज बरोबर दाब दाखवितें. पुढें गाडी वेगानें धांवूं लागली, टायर तापला, कांटा हलला, आणि हवा हळूहळू निघूं लागली. ही हकीकत घरीं ठेवलेल्या गेजास कळणें शक्य नाहीं. नागपूर-मुंबई समृद्धि महामार्गाची ७०१ किलोमीटरची संपूर्ण लांबी जून २०२५ मध्यें खुली झाली, व सपाटीवर लहान मोटारींस तेथें ताशीं १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. तालुक्याच्या रस्त्यावर जें चाक खड्ड्याखड्ड्यास आपली प्रकृति कळवितें, तें अशा गुळगुळीत रस्त्यावर मुकें होतें.

आमच्या भागांतील एका बागाईतदाराच्या मोटारीचे सेन्सर, रिम बदलतांना, असेच पुडींत बांधून मिळाले. दिवा रोज पेटलेला दिसूं लागला, तेव्हां मुलानें त्यावर काळी चिकटपट्टी लावली. पुढें लग्नास जातांना मोठ्या रस्त्यावर मागच्या चाकांतील हवा उतरत गेली. मोटारींत म्हातारी आई व दोन नातवंडें होतीं. मागून येणाऱ्या एका ट्रकवाल्यानें दिवे दाखवून थांबविलें, म्हणून निभावलें. टायरची भिंत हात लावतांच चुऱ्याप्रमाणें गळत होती. सांगावयाचा मुद्दा हा कीं, सेन्सर काढल्यानें केवळ सेन्सर जात नाहीं; दिव्याची पतही जाते. रोज खोटी साक्ष देणाऱ्याची खरी साक्षही कोणी ऐकत नाहीं.

तथापि सेन्सर सर्वशक्तिमान् आहे असेंही नव्हे. खड्ड्याच्या कडेवर आदळून टायर एकदम फुटला, तर सूचना देण्यास वेळच नसतो. झिजलेली नक्षी किंवा म्हातारें रबर सेन्सरास दिसत नाहीं. तें मालकानेंच पाहावें. टायरच्या बाजूवर चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे व पुढील दोन वर्षाचे. '२३२४' म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत झालेला टायर.

६. निर्णय कसा करावा

(अ) त्याच रिमवर नवे टायर बसवावयाचे असतां : सेन्सरचें आजचें वय व नवा टायर किती वर्षें चालेल तो अंदाज, यांची बेरीज करावी. बेरीज आठाच्या आंत असेल, तर जुनेच सेन्सर ठेवावे. आठ ते दहांच्या दरम्यान असेल, तर सेन्सर तपासण्याचें यंत्र असलेल्या दुकानांत बॅटरीची स्थिति पाहून ठरवावें. हें यंत्र चाक न उघडतां बाहेरूनच दाब, सेन्सरचा क्रमांक व बहुधा बॅटरीची स्थिति सांगतें. दहाच्या पुढें जात असेल, तर टायरबरोबरच चारी सेन्सर नवे घ्यावे. उदाहरणार्थ, मोटार तीन वर्षांची व टायर चार वर्षें चालणारा : बेरीज सात, जुने ठेवावे. मोटार सात वर्षांची : बेरीज अकरा, नवे घ्यावे. कारण सेन्सर मध्येंच संपला, तर चांगला टायर पुन्हां उतरविणें, चढविणें व चाक बॅलन्स करणें ही मजुरी दुसऱ्यांदा पडते. एक संपला कीं त्याच वयाचे बाकीचेही पाठोपाठ संपतात.

(आ) नव्या रिम घ्यावयाच्या असतां : पैसे देण्यापूर्वीं त्या रिममध्यें आपला सेन्सर बसतो कीं नाहीं, हें प्रत्यक्ष लावून पाहावें. व्हॉल्व्हचें भोंक, त्याचा कोन व आंतील जागा जुळली पाहिजे. बसत नसेल तर ती रिम स्वस्त मिळाली तरी महाग समजावी. टायरचें माप बदललें, तर योग्य दाबही बदलूं शकतो. परंतु मोटार जुन्याच दाबाच्या हिशेबानें इशारा देते, हेंही ध्यानांत असावें.

(इ) काढले तर चालण्यासारखें केव्हां : मोटार जुनी आहे, तिला स्टेपनी आहे, ती गांव व तालुका यांपलीकडे जात नाहीं, आणि मालक गेज नियमानें लावतो, अशी सर्व परिस्थिति जुळली, व सेन्सरांची बॅटरी संपलेली असली, तर नव्या सेन्सरांचा खर्च न करणें क्षम्य आहे. परंतु चालू स्थितींतील सेन्सर केवळ दुकानदारास कंटाळा आला म्हणून काढूं देऊं नये.

(ई) ज्या जुन्या जीपला वा पिकअपला मुळांतच सेन्सर नाहींत, तिच्यासाठीं व्हॉल्व्हच्या टोपणाच्या जागीं बाहेरून बसणारे सेन्सर मिळतात. बाजारास माल नेणाऱ्या गाडीस ते उपयोगी आहेत. मात्र ते उघड्यावर असल्यानें चोरीस जातात, व त्यांच्या वजनानें रबरी व्हॉल्व्हवर ताण पडतो. म्हणून व्हॉल्व्हचें रबर वेळोवेळीं पाहावें.

७. काम करून घेतांना

टायर रिमवरून सोडविण्यापूर्वीं "आंत सेन्सर आहे" असें कारागिरास स्पष्ट सांगावें. यंत्राचा दाब किंवा पहार व्हॉल्व्हच्या जवळ लागली, तर सेन्सर मोडतो. सेन्सर जुनाच ठेवला, तरी त्याचें रबरी सील, नट, आंतील व्हॉल्व्ह-कोर व टोपण नवें घालण्यास सांगावें. हवा बहुधा या लहान वस्तूंपाशींच गळते. सेन्सरचा दांडा ॲल्युमिनियमचा असेल, तर साधा पितळी कोर किंवा पितळी टोपण घालूं नये. दोन धातूंच्या संयोगानें, विशेषतः ओलीमुळें, गंज धरतो व टोपण असें चिकटतें कीं काढतांना दांडाच तुटतो. निकेलचा मुलामा दिलेला कोर व प्लास्टिकचें टोपण योग्य. नट अंगबळानें आवळूं नये. मापाच्या पान्यानें, सेन्सरच्या कंपनीनें सांगितला असेल तितकाच आवळावा.

कांट्यांच्या भीतीनें टायरांत आधींच चिकट द्राव भरून ठेवण्याची चाल पडली आहे. हा द्राव सेन्सरच्या बारीक छिद्रांत बसला, तर दाब चुकीचा दिसतो. द्राव वापरावाच लागला, तर पुढें टायर उघडवून सेन्सर पुसून घ्यावा, व तरीही आंकडा चुकीचा येत असेल तर बदलावा. पंक्चर फार झाले म्हणून ट्यूबलेस टायरांत ट्यूब घालणारेही आहेत. ट्यूब आली कीं सेन्सर राहूं शकत नाहीं. असा टायर टाकून देणेंच बरें.

८. फेरफार नोंद

महसूल खात्यांत अनेक वर्षें दप्तर सांभाळल्यामुळें मला ही गोष्ट सात-बाराच्या उताऱ्याप्रमाणें वाटते. प्रत्येक सेन्सरास स्वतःचा क्रमांक असतो, व मोटारीच्या यंत्रांत कोणत्या चाकास कोणता क्रमांक हें लिहिलेलें असतें. जमीन विकत घेतली, पण फेरफार मंजूर झाला नाहीं, तर उताऱ्यावर जुनेंच नांव राहतें. त्याचप्रमाणें नवे सेन्सर बसविले, पण त्यांचे क्रमांक मोटारीस शिकविले नाहींत, तर मोटार त्यांचें ऐकत नाहीं. कांहीं मोटारी थोडा वेळ चालविल्यावर ही नोंद आपोआप घेतात. कांहींस यंत्र लावून ती करावी लागते. पुढचीं चाकें मागें व मागचीं पुढें केलीं तरीही ही नोंद पाहावी. नाहीं तर हवा मागच्या चाकांत कमी, व पडदा पुढचें चाक दाखवितो.

परदेशांतील नातेवाइकांकडून सेन्सर मागवितांना बिनतारी लहरींचें माप विचारावें. अमेरिकेंत पुष्कळ मोटारींत ३१५ मेगाहर्ट्झचे सेन्सर असतात. आपल्याकडे व युरोपांत बहुधा ४३३ चे चालतात. माप चुकलें तर नवा सेन्सरही मुकाच.

दिव्याचेही दोन अर्थ आहेत. पुष्कळ मोटारींत, हवा कमी असेल तर दिवा स्थिर लागतो. मोटार सुरू करतांच तो सुमारें मिनिट-दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर झाला, तर हवा नव्हे, यंत्रणाच बिघडली आहे असें समजावें. स्टेपनींत बहुधा सेन्सर नसतो. ती लावल्यावर असा दिवा दिसला तर घाबरूं नये, पण मूळ चाक दुरुस्त करून लौकर बसवावें.

सारांश

स्टेपनी नसलेल्या मोटारीचे सेन्सर काढूं नयेत. वय व टायरचें आयुष्य यांची बेरीज करून जुने कीं नवे तें ठरवावें. रिम घेण्यापूर्वीं सेन्सर लावून पाहावा. काम उभें राहून करून घ्यावें, आणि दुकान सोडण्यापूर्वीं चारी चाकांचे आंकडे पडद्यावर दिसतात व ते गेजशीं जुळतात, याची खात्री करावी. सेन्सर ठेवा वा काढा, महिन्यांतून एकदां, व लांबच्या प्रवासापूर्वीं अवश्य, सकाळीं टायर थंड असतांना गेज लावावें. योग्य दाब चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टींत बहुधा लिहिलेला असतो. तेथें रिकाम्या व भरल्या गाडीचे दाब निरनिराळे दिलेले असतील, तर घरचीं सर्व माणसें घेऊन निघतांना भरल्या गाडीचाच दाब भरावा.